अपघाताचा अंश आणि छेद

खडकीतून जाणाऱ्या जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरील अपघातांच्या पोलिसनोंदीत दुचाकीस्वार अधिक आढळले, तरी तेवढ्यावरून दुचाकी हे वाहन अधिक धोक्याचे ठरत नाही. नोंदीत केवळ अंश असतो; छेद, म्हणजे सुखरूप पार पडलेला प्रवास, कोठेच लिहिलेला नसतो.

तो मिळविण्याचा विश्वसनीय मार्ग तुलनागटाचा. अपघात जेथे घडला तेथेच, त्याच वारी व त्याच वेळी जाणाऱ्या इतर चालकांची तपासणी करावयाची. मॅककॅरोल व हॅडन यांच्या न्यूयॉर्क येथील अभ्यासात (१९६२) हेच केले होते. रेडेलमायर व टिब्शिरानी यांनी १९९७ मध्ये ६९९ चालकांची तुलना त्यांच्या स्वतःच्याच आदल्या दिवसाशी केली व भ्रमणध्वनीच्या वापराने धोका सुमारे चौपट होतो असे दाखविले.

खर्च वाचविणारी आणखी एक युक्ती आहे : दोन वाहनांच्या टकरीतील निर्दोष चालक हाच रस्त्यावरील चालकवर्गाचा नमुना मानावयाचा. येथे मात्र सावध राहावे लागते. आपल्याकडे मोठ्या वाहनाच्या माथी दोष मारण्याची रूढी आहे. ट्रकचालक आधीच अपराधी ठरला, की दुचाकीस्वार निर्दोषांत जमा होतो. छेद फुगतो आणि दुचाकीचा धोका आहे त्याहून कमी भासतो. म्हणून दोषाचा निवाडा फिर्यादीवरून न घेता चाकांच्या घसरणीच्या खुणा, वाहनांची मोडतोड व ब्रेकची स्थिती पाहून स्वतंत्रपणे केला पाहिजे, आणि तोही वाहने हलविण्यापूर्वी. वाहत्या रस्त्यावर त्यासाठी मिळणारा अवधी फार थोडा असतो.