बारा वेळांचा नियम : लांबलेली मालिका आणि चाहत्यांचा हिशेब

आज आपण एका प्रश्नापासून सुरुवात करू. विज्ञानकथेची मालिका पन्नास-साठ वर्षं चालली, तर तिनं पूर्वी दिलेले शब्द पाळायचे कुणी? लेखक बदलतात, नट बदलतात. प्रेक्षक मात्र सगळं लक्षात ठेवून बसलेला असतो.

बीबीसीची 'डॉक्टर हू' बघा. १९६३ साली सुरू झाली. काळातून प्रवास करणारा, परग्रहावरचा डॉक्टर हा तिचा नायक. १९६६मध्ये विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तेव्हा युक्ती निघाली : मरणाच्या दारात डॉक्टरचं शरीरच बदलू द्या! पॅट्रिक ट्राउटन आले आणि मालिका वाचली.

पुढे १९७६मध्ये 'द डेडली असॅसिन' या कथेत रॉबर्ट होम्स यांना मरणाला टेकलेला खलनायक हवा होता. म्हणून नियम आला : शरीर बाराच वेळा बदलता येतं. म्हणजे चेहरे तेरा. तेव्हा चौथा डॉक्टर चालू होता, तेराव्याची चिंता कुणाला? पण चाहते तेव्हापासून बोटं मोजू लागले.

२०१३मध्ये हिशेब भरला. मॅट स्मिथ अकरावे म्हणवले जात. पण मध्ये जॉन हर्ट यांचा एक लपवलेला डॉक्टर निघाला, आणि डेव्हिड टेनंट यांच्या डॉक्टरनं तोच चेहरा ठेवून एक बदल खर्चला होता. लेखक स्टीव्हन मॉफट यांना नियम विसरता आला असता. त्यांनी तो मानला. डॉक्टर एका गावाचं रक्षण करत म्हातारा होतो. आता पुढचा चेहरा नाही, हे त्याला ठाऊक असतं. शेवटी सोबतीण क्लारा विनवते, तेव्हा त्याला नवी आयुष्यं मिळतात. नियम वाकवला, पण त्याची किंमत कथेतच मोजली.

मग २०२० साली क्रिस चिब्नल यांच्या 'द टाइमलेस चिल्ड्रन'नं सांगितलं, की हार्टनेल यांच्या आधीही डॉक्टरचे अनेक जन्म झाले होते, फक्त आठवण पुसली गेली होती. चाहत्यांत फूट पडली. कुणाला हरवलेलं गूढ परत मिळालं, कुणाचा 'पहिला' डॉक्टर हिरावला गेला. खरं तर १९७६च्याच 'द ब्रेन ऑफ मॉर्बियस'मध्ये अनोळखी चेहरे दिसले होते, त्यामुळे आधाराला जुनी जागा होती. मग दुखलं काय? बाराचा नियम डॉक्टरला कधी लागूच नव्हता, असा अर्थ अनेकांनी काढला. तसं असेल तर त्या गावातली म्हाताऱ्याची भीती मागाहून पोकळ ठरते. तपशील चुकला तर चाहता हसून सोडून देतो. आपण ज्यासाठी रडलो तेच खोटं ठरलं, तर तो सोडत नाही.

आणि गंमत बघा. १९८६ साली बीबीसीच्याच एका कार्यक्रमात चाहत्यांच्या वतीनं एका किशोरवयीन मुलानं मालिकेच्या लेखनावर सडकून टीका केली होती. तो मुलगा म्हणजे क्रिस चिब्नल.