जुने जाळीचे कुंपण उतरवताना

आवाराच्या कडेने उभी असलेली चेनलिंक जाळी, म्हणजे नागमोडी वळवलेल्या जस्तलेपित तारा एकमेकींत अडकवून विणलेली चौकोनी घरांची जाळी, एकसंध वाटत असली तरी तिच्यातील प्रत्येक उभी तार स्वतंत्र असते. त्यामुळे एका तारेची वरची व खालची टोके सोडवून ती मळसूत्रासारखी फिरवत वर ओढली, की कापाकापी न करता जाळीचे दोन भाग होतात. मात्र त्याआधी ताण उतरवणे आवश्यक असते, कारण टोकाच्या खांबाजवळ जाळीच्या शेवटच्या घरांतून ओवलेली लोखंडी पट्टी, म्हणजेच ताणपट्टी, आणि आडव्या ताणतारा तशाच तोडल्यास सुटलेले टोक उसळून चेहऱ्यावर येऊ शकते. बांधणीच्या तारा त्यानंतर सोडवाव्यात.

खरे कष्ट खांबांचे. लोखंडी अँगलचे खांब बहुधा काँक्रीटमध्ये रोवलेले असतात, आणि तो पाया पहारीने मोकळा करण्याऐवजी खांब ग्राइंडरने जमिनीलगत कापण्याचा जो सोपा मार्ग अनेकदा पत्करला जातो, त्यातून गंजके, धारदार खुंट मागे राहतात. जाळी गिळून वाढलेल्या झाडातून तार उपटू नये. ती खोडालगत कापून आतला भाग तसाच सोडणे कमी अपायकारक ठरते. कुंपण आणि हद्द या मात्र भिन्न बाबी आहेत: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार सीमाचिन्हाची नासधूस दंडनीय आहे, म्हणून कुंपणालगतचा हद्दीचा दगड राडारोड्याबरोबर उचलला जाऊ देऊ नये.