सरोवराकाठी लाकूड आणि काच

▪ नमुना : नॉर्वेतील म्योसा सरोवराकाठची ‘म्योस्तोर्ने’ ही इमारत १८ मजली, ८५.४ मीटर उंच. २०१९ मध्ये पूर्ण. आत हॉटेल, घरे, कार्यालये.

▪ सांगाडा : लाकडी पट्ट्या चिकटवून केलेले खांब आणि तुळया. वाऱ्यात डोलणे कमी व्हावे म्हणून वरच्या मजल्यांचे स्लॅब मात्र वजनदार काँक्रीटचे.

▪ कार्बन : कोरड्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कार्बन असतो. लाकूड कुजत किंवा जळत नाही तोवर तो आतच राहतो.

▪ आग : जाड तुळई मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर कोळसते. तोच थर आतल्या लाकडाला राखतो.

▪ काच : थंड प्रदेशात तिहेरी काच वापरतात, मधल्या फटींत आर्गॉन वायू. प्रतिबिंबाला फसून पक्षी आदळू नयेत, म्हणून काचेवर बाहेरून दाट ठिपके.