लोकसंस्कृती व अल्पभूधारकांची उपजीविका

लोकसंस्कृती व अल्पभूधारकांची उपजीविका : ग्रामीण परंपरेतील कला, यात्रा, हस्तव्यवसाय व खाद्यप्रकार यांचा शेतीपूरक उत्पन्नासाठी होणारा उपयोग. एक ते दोन हेक्टर जमीन धारण करणाऱ्या शेतकऱ्यास अल्पभूधारक म्हणतात. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस, पैठण रस्त्यावर वसलेल्या बिडकीन (ता. पैठण) परिसराच्या संदर्भात हा विषय येथे मांडला आहे.

लोककला हे पूर्वी शेतकऱ्याच्या उत्पन्नाचे नव्हे, तर खर्चाचे अंग होते. वासुदेव, गोंधळी, जोशी आदींना सुगीत खळ्यावरून धान्य मिळे. पैठणच्या संत एकनाथांच्या (मृ. १५९९) भारुडांत हीच मंडळी भेटतात. रोखीचे व्यवहार वाढले, तशी ही देवघेव क्षीण झाली. आज शेतकऱ्याने परंपरेचा विक्रेता व्हावे, अशी अपेक्षा केली जाते. हा बदल वाटतो तितका सोपा नाही. फाल्गुन वद्य षष्ठीस पैठणला नाथषष्ठीची मोठी यात्रा भरते, पण तेथील विक्री प्रायः फिरत्या व्यापाऱ्यांच्या हाती असते. पैठणीचे रेशीमही दीर्घकाळ मुख्यत्वे कर्नाटकातून येत राहिले. जालना येथे २०१८ मध्ये रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाल्यावर तुती लावणाऱ्या मराठवाड्यातील शेतकऱ्यास जवळ विक्रीची सोय झाली.

लहान शेतकऱ्यास खरोखर साधण्याजोगा प्रकार म्हणजे हुरडा. रब्बी ज्वारीचे दाणे दुधाळ अवस्था ओलांडून कोवळे असतानाच कणसे खुडतात, गोवऱ्यांच्या आगटीत भाजतात व हातावर चोळून दाणे काढतात. सोबत गूळ, दही व शेंगदाण्याची चटणी असते. यासाठी गुळभेंडी हा जुना वाण प्रसिद्ध असून परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी वसंत’ हा वाण विकसित केला आहे. मळणी व साठवण टळते, हिरवी ताटे वैरणीस उरतात आणि शहरातील पाहुणा शेतावरच पैसे मोजतो. हंगाम मात्र थोड्या आठवड्यांचाच असतो. पेरणी टप्प्याटप्प्याने केल्यास तो काहीसा लांबविता येतो. राज्याच्या कृषी पर्यटन धोरणाने (२०२०) अशा उपक्रमांना नोंदणीची चौकट दिली.

तथापि या सर्वांचा आधार जमीन हाच आहे. दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्यातील शेंद्रा–बिडकीन प्रकल्पासाठी बिडकीन भागात सु. ३,२०० हेक्टर क्षेत्र योजले गेले व त्यासाठी शेतजमिनी संपादित झाल्या. मोबदल्याची रक्कम एकदाच मिळते. हुरड्याचे शिवार, पोळ्याचे बैल व खळे यांची गणना त्यात होत नाही. ज्यांची शेते प्रकल्पालगत उरली, त्यांना नव्या वसाहतीतील ग्राहक जवळ लाभू शकतो. जमीन गेलेल्यांपुढे परंपरेतील उरलेला मार्ग म्हणजे पाककौशल्य, आणि ते बहुतांशी स्त्रियांकडे आहे.