मत्स्यालयाकडे पुन्हा वळताना

शालेय वा वसतिगृहाच्या दिवसांत काचपेटीत गप्पी मासे बाळगलेले आणि पुढे व्यवसायाच्या रगाड्यात तो छंद मागे टाकलेले आपल्यात अनेक जण असतील. मुले शिक्षणासाठी बाहेरगावी गेली, घर थोडे शांत झाले, की ही जुनी आवड पुन्हा डोके वर काढते. अशांनी एक गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी : मत्स्यालयात आधी मासे नव्हे, तर जिवाणू पाळावे लागतात.

आपले यकृत अमोनियाचे युरियात रूपांतर करते. गोड्या पाण्यातील मासे मात्र बहुतांश अमोनिया कल्ल्यांवाटे थेट पाण्यात सोडतात. नदीत तो वाहून जातो, पेटीत साचतो. तेथे यकृताचे काम काही जिवाणू करतात. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट. विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखविले. त्यांची वसाहत गाळणीच्या स्पंजवर व वाळूच्या कणांवर वसते आणि ती पूर्ण वाढण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात.

पूर्वी दर रविवारी पेटी रिकामी करून वाळूसकट सारे घासूनपुसून लख्ख करण्याची पद्धत होती. चार दिवसांत मासे दगावत आणि दोष दुकानदाराला किंवा दृष्ट लागण्याला दिला जाई! वास्तविक त्या स्वच्छतेने जिवाणूंची वसाहतच धुऊन जात असे. नायट्राइटने विषबाधा झालेल्या माशाचे रक्त तपकिरी होते. विहिरीच्या नायट्रेटयुक्त पाण्याने निळ्या पडणाऱ्या अर्भकांत आपण ज्या मेथेमोग्लोबिनविषयी वाचतो, तेच येथेही असते.

म्हणून ६० × ३० × ३६ सेंमी. ची, म्हणजे सुमारे ६५ लिटरची पेटी भक्कम टेबलावर ठेवावी. पाणी व वाळू भरून गाळणी चालू करावी आणि माशांविना रोज चिमूटभर खाद्य टाकत राहावे. ते कुजून अमोनिया होतो व जिवाणूंचे पोषण होते. चाचणी संचात अमोनिया व नायट्राइट आधी वाढून मग दोन्ही शून्यावर आले, की मासे आणावेत, तेही एका वेळी तीन-चारच. पुढे दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. स्पंज नळाखाली न धुता काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंनाही मारते, म्हणून ते पाणी दिवसभर उघडे ठेवून मगच वापरावे.

आता आपल्या औरादचा प्रश्न. बेसाल्टच्या या पट्ट्यात बोअरचे पाणी बहुधा जड असते. मृदू पाण्यातील निऑन टेट्राचा मोह म्हणून आवरावा. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड पाणी मानवते. जड पाण्याचा सामूही बहुधा चढा असतो. तो ७ वरून ८ वर गेला, की अमोनियाचा विषारी अंश सुमारे दसपट होतो, म्हणून येथे घाई अधिकच महागात पडते. शोभेसाठी शेतातला काळा दगड चालतो. काळ्या मातीत सापडणारे पांढरे चुनखडीचे खडे मात्र पाणी आणखी जड करतात. शंका आल्यास आपल्या प्रयोगशाळेतील सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा, फेस आला तर दगड बाहेर. उन्हाळ्यात पाणी तापून प्राणवायू कमी होतो. त्यात वीज गेली, की माशांबरोबर स्पंजमधील जिवाणूही गुदमरतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हा म्हणूनच चैनीचा खर्च समजू नये.

दुकानातले ‘निळे औषध’ बहुधा आपल्या परिचयाचे मेथिलीन ब्लूच असते. बुरशीवर ते उपयोगी असले तरी मुख्य पेटीत ओतल्यास जिवाणूंची वसाहत दुबळी होते. आजारी मासा वेगळ्या भांड्यात ठेवूनच उपचार करावेत.

जाता जाता एक वैद्यकीय टीप. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयजंतूचा भाऊबंद मत्स्यालयाच्या पाण्यात आढळतो आणि हाताच्या जखमेतून शिरून बोटावर गाठी निर्माण करतो. कधी त्या लसिकावाहिन्यांच्या ओळीने वर चढतात. साध्या प्रतिजैविकांना दाद न देणारी अशी गाठ दिसल्यास ‘घरी मासे पाळता का?’ असे अवश्य विचारावे. हा जंतू ३० अंश सेल्सिअसच्या आसपास चांगला वाढतो, ३७ अंशांना नीट वाढत नाही. तेव्हा नमुना पाठविताना आपला संशय प्रयोगशाळेस लिहून कळवावा. आणि हातावर ओरखडा असेल त्या दिवशी पेटीची साफसफाई पुढे ढकलावी.