घरगुती व्हॉल्व्ह-ध्वनिवर्धकाचे पुनरुज्जीवन : म्हैसूरच्या संदर्भात

महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १० सप्टेंबर १९३५ रोजी म्हैसूरमधील आपल्या राहत्या घरातून ३० वॅटच्या प्रक्षेपकावर ‘आकाशवाणी’ सुरू केली. ट्रान्झिस्टर अवतरायला तेव्हा बारा वर्षांचा अवकाश होता. त्यामुळे मायक्रोफोनकडून येणारा क्षीण विद्युत्संकेत वाढवण्याचे सारे काम व्हॉल्व्हकडे, म्हणजे हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीकडे होते. पुढच्या दशकात याच शहराचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांनी लंडनमध्ये मेटनर या रशियन संगीतकाराच्या रचनांचे ध्वनिमुद्रण स्वतःच्या खर्चाने करवून घेतले. प्रसारण आणि ध्वनिमुद्रिका या दोन्ही अंगांनी म्हैसूरचे ऐकणे असे व्हॉल्व्हशी बांधलेले होते.

व्हॉल्व्हमधील कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि धन दाबाच्या प्लेटकडे धावतात. वाटेत बसवलेल्या तारेच्या जाळीवर, म्हणजे ग्रिडवर, ऋण दाब थोडा जरी बदलला तरी हा प्रवाह मोठ्या प्रमाणात बदलतो. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये नळीत हे तिसरे अग्र बसवले आणि पुढील सारे व्हॉल्व्ह-ध्वनिवर्धक त्यावर उभे राहिले. डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात १५ वॅटच्या ध्वनिवर्धकाची संपूर्ण मांडणी प्रसिद्ध केली, तर मुलार्ड कंपनीने पुढील दशकात पाच व्हॉल्व्हचा, १० वॅटचा ‘फाइव्ह-टेन’ आराखडा हौशी कारागिरांपुढे ठेवला. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ‘ईएल ८४’ आणि ‘ईसीसी ८३’ हे व्हॉल्व्ह तयार केल्यामुळे असा संच उभारण्याचे मुख्य साहित्य म्हैसूरपासून दीडशे किलोमीटरच्या आत बनू लागले.

घरी बांधलेल्या संचाला कंपनीचे माहितीपुस्तक नसते, आणि छापील आराखड्यात कारागिराने हाती लागलेल्या सुट्या भागांनुसार फेरफार केलेले असतात. म्हणून जोडणी तारेगणिक तपासून तिचा नकाशा कागदावर उतरवणे, हे पुनरुज्जीवनाचे पहिले काम होय. नकाशा हाती येण्यापूर्वी सगळे कॅपॅसिटर सरसकट उपटून टाकण्याची प्रथा रूढ असली, तरी ती घातक आहे, कारण भागांबरोबर त्या कारागिराचा विचारही पुसला जातो. वीजपुरवठा तोडल्यावरही फिल्टर-कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपासचा प्राणघातक भार उरू शकतो. तो रोधकातून जमिनीकडे वाहून गेला आहे, याची मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये.

वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमधील ऑक्साइडचा पातळ थर झिजलेला असतो. संच एकदम पूर्ण दाबावर लावला तर असा कॅपॅसिटर तापून फुटतो. म्हणून तो सोडवून घेऊन, मोठ्या रोधकातून हळूहळू दाब चढवत तो थर पुन्हा बसवावा लागतो, आणि गळती कमी होत नसेल तर मात्र तो बदलण्यावाचून गत्यंतर नाही. संच प्रथम चालू करतानाही सिरीज बोर्डावरील दिवा मध्ये घालावा, म्हणजे कुठे शॉर्ट असल्यास दिवा प्रखर पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो.

सर्वांत दगाबाज भाग म्हणजे आधीच्या व्हॉल्व्हची प्लेट आणि पुढच्याची ग्रिड यांना जोडणारा कागदी कॅपॅसिटर. त्यातून केवळ १० मायक्रोअँपिअर गळती झाली, तरी ४७० किलो-ओहमच्या ग्रिड-रोधकावर ४.७ व्होल्ट उभे राहतात. ‘ईएल ८४’च्या ग्रिडला कॅथोडच्या तुलनेत साधारण १०-११ व्होल्ट ऋण दाब लागतो, त्यामुळे एवढ्या गळतीने व्हॉल्व्हचा प्रवाह वाढत जातो आणि प्लेट लालभडक होते, दोष कॅपॅसिटरचा असताना बळी महागड्या व्हॉल्व्हचा जातो. हा कॅपॅसिटर बदलल्यावर कॅथोडच्या २७० ओहम रोधकावर १०.८ व्होल्ट मिळाले, तर एकूण प्रवाह ४० मिलिअँपिअर ठरतो. त्यातील चार-पाच मिलिअँपिअर स्क्रीन-ग्रिडकडे, म्हणजे व्हॉल्व्हमधील आणखी एका जाळीकडे, जातात असे धरल्यास ३०० व्होल्टवर प्लेटवरील भार साडेदहा वॅटच्या आसपास येतो आणि १२ वॅटच्या कमाल मर्यादेत बसतो. साध्या मीटरने घेतलेले हे एक मोजमाप अंदाजाने केलेल्या दहा बदलांपेक्षा अधिक मोलाचे आहे.

ध्वनीचा दर्जा अखेर आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर अवलंबून असतो; आडात नाही ते पोहऱ्यात येणार कुठून? प्लेटकडील उच्च रोध आणि स्पीकरचा अल्प रोध यांचा मेळ तोच घालतो, आणि लाउडस्पीकर न जोडता संच मोठ्या आवाजावर चालवल्यास त्याचे वेष्टन जळण्याचा धोका असतो. तो नव्याने गुंडाळून घेतल्यावर टोके उलट जोडली गेली, तर विकृती घटवण्यासाठी मागे वळवलेला संकेत मूळ संकेताला छेद देण्याऐवजी त्यात भर घालतो आणि संच किंचाळू लागतो. तेव्हा प्लेटकडील दोन टोकांची अदलाबदल करावी. दुरुस्ती पूर्ण झाल्यावर उतरवलेला नकाशा, मोजलेले दाब आणि बदललेल्या भागांची नोंद चासीच्या आतील बाजूस चिकटवावी, म्हणजे पुढील दुरुस्ती करणाऱ्याला मूळ जोडणी आणि नंतरचे बदल वेगळे ओळखता येतील.