मुसी नदीचा पूर आणि विश्वेश्वरय्या

शहरांत पूर आला म्हणजे लोकांची दृष्टि नदीच्या घाटाकडे लागते. पूल किती उंच, तट किती भक्कम, याचीच चर्चा होते. परंतु पुराचें कारण पुष्कळदां शहरापासून कित्येक कोस दूर असतें. तें तेथें जाऊन शोधणें हें इंजिनियराचें पहिलें कर्तव्य होय. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचें हैदराबाद येथील कार्य हा त्याचा उत्तम दाखला आहे.

विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानांतले. पण त्यांचें स्थापत्यशास्त्राचें शिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजांत झालें. १८८४ सालीं ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत नाशिकास रुजू झाले. १९०३ सालीं त्यांनीं खडकवासल्याच्या तलावास आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. पाणी ठराविक उंचीवर चढलें कीं ते उघडत, उतरलें कीं मिटत. त्यामुळें धरणाची भिंत न वाढवितां तलावांत अधिक पाणी सांठूं लागलें.

२८ सप्टेंबर १९०८ रोजीं मुसी नदीनें हैदराबादेंत हाहाकार उडविला. सुमारें १५,००० माणसें दगावलीं, असा अंदाज आहे. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारांतील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारें दीडशें माणसांनीं जीव वांचविला. त्याच वर्षीं विश्वेश्वरय्या मुंबई सरकारच्या सेवेंतून निवृत्त होऊन परदेशीं गेले होते. निजाम सरकारनें त्यांस पाचारण केलें आणि १९०९ सालीं ते हैदराबादेस आले.

त्यांनीं प्रथम पावसाचे आंकडे जमविले व नदीच्या वरच्या पाणलोटाची पाहणी केली. त्या प्रदेशांत ७८८ लहानमोठे तलाव होते. त्यांपैकीं २२१ फुटले होते. एक तलाव फुटला कीं त्याचें पाणी खालच्या तलावावर कोसळे. तो त्या भारानें फुटे. मग दोहोंचें पाणी तिसऱ्यावर जाई. शहराच्या वेशीशीं पोंचेपर्यंत नदी केवळ पावसाची राहिली नव्हती, फुटलेल्या तलावांचीही झाली होती.

रोगाचें मूळ कळल्यावर औषध सुचलें. शहराच्या वरच्या अंगास, मुसीवर एक व तिच्या ईसी या उपनदीवर दुसरा, असे दोन विशाल जलाशय बांधावे. पूर तेथें अडवावा. आणि पात्रास सोसेल इतकेंच पाणी हळूहळू खालीं सोडावें, अशी ती योजना होती. शहरांतील नदीकांठ बांधून काढणें व सांडपाण्याची नीट व्यवस्था करणें, हेंही त्यांनीं सुचविलें.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य इंजिनियर झाले. धरणें दुसऱ्यांच्या हातून उभीं राहिलीं: उस्मानसागर १९२० सालीं, हिमायतसागर १९२७ सालीं. या दोन जलाशयांनीं शहराचें रक्षण केलें, तशीच त्याची तहानही भागविली.

तथापि भरलेल्या घागरींत आणखी पाणी मावत नाहीं. जलाशयांत पुरासाठीं जागा राखली, पाणी वेळेवर सोडलें आणि नदीचें पात्र मोकळें ठेवलें, तरच योजना फळ देते. ऑक्टोबर २०२० मध्यें हैदराबादेंत अतिवृष्टि झाली, तेव्हां एका तलावाचा बांध फुटून खालच्या वस्तींत पाणी शिरलें. इंजिनियर योजना आंखून देतो आणि निघून जातो. ती राखणें मात्र मागें राहणाऱ्या नागरिकांच्या व अधिकाऱ्यांच्या हातीं असतें.